मळ्याचे गुडघे

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. खोली मिळाली, खोलीला खिडकी मिळाली आणि खिडकीला गजही आहेत, म्हणजे बाबांच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या. फोन न करता पत्र का लिहिते आहे, हे तू विचारूच नकोस. मळ्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते, आणि गेल्या महिन्यात बाबांचा फोन घ्यायला तू शिडी चढलीस ती फोनसकट खाली आलीस. फोन वाचला, गुडघे गेले. तेव्हा आता टाकीकडे बघायचंसुद्धा नाही.

आमचं शब्दकोशाचं कार्यालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली हातोडी वाजते, वर आम्ही शब्द ठोकून पाहतो. भिंतभर बुटांची खोकी आहेत आणि त्यांत शब्दांची कार्डं. आमच्या संपादकांना सगळे नुसतं बाई म्हणतात. त्या चष्मा कपाळावर ठेवतात आणि मग तो सगळ्यांना शोधायला लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं की कोणता शब्द तू डोळे मिटून सांगू शकशील. मी म्हणाले, मळा. त्या म्हणाल्या, मग उघड्या डोळ्यांनी लिहून आण. हा शब्द नीट उतरला तर मी इथे कायम, नाहीतर मी आणि माझी पदवी पुन्हा बाबांच्या शिलाईच्या दुकानात काजं करायला मोकळ्या.

आत्या, मला वाटलं होतं तासाभरात संपेल. पण मळा म्हणजे नक्की काय? नुसती जमीन? विहिरीशिवाय मळा असतो का? घर त्यात धरायचं की वेगळं? गोठा, कडब्याची गंजी, आंब्याखालची तुझी बाज? भाषा ही सगळ्यांची मालमत्ता आहे आणि तिची नोंद प्रामाणिकच हवी, असं मला मनापासून वाटतं. (हसू नकोस.) तू जन्मभर मळ्यावर राहिलीस. मला हा शब्द वापरून काही वाक्यं लिहून पाठव.

लोभ आहेच, तो वाढवायची गरज नाही. पत्र मात्र लांब लिही.

तुझी,
पंडित


१३ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन नेहमीसारखा बांधावर उभा राहून मळा, अहो मळा, असं ओरडला आणि मी नेहमीसारखी ओ देऊन गेले. जाताना गुडघ्यांनी मला आणि मी गुडघ्यांना काय काय म्हटलं ते तुझ्या कोशात बसणार नाही.

घरातली पहिली पदवीधर मुलगी मला मळा म्हणजे काय विचारते! लहानपणी याच मळ्यात तू वांग्याच्या वाफ्यात बसून माती खाल्ली होतीस. तेव्हाच नीट चावून खाल्ली असतीस तर आज कळलं असतं.

असो. वाक्यं हवीत ना? घे.

‘मळा बाईच्या नावावर नसला तरी बाईच्या जिवावर असतो.’

‘भाऊ शिंपी झाला म्हणून त्याला मळ्याचं माप घेता येत नाही.’

‘मळ्यावर राहणाऱ्या बहिणीला न विचारता मळा नर्सरीवाल्याला भाड्यानं द्यायचं ठरवणाऱ्या माणसाला काय म्हणतात, हे कोशात पाहावं.’

तिसरं जरा लांब झालं, पण त्यात बातमी आहे. तुझ्या बापानं मळा कुणा रोपं विकणाऱ्या नर्सरीवाल्याला द्यायचा घाट घातला आहे. सगळाच. रिकामा करून. आणि मला तुमच्या घरी, दुकानामागच्या खोलीत आणून ठेवणार आहे. मी पडले हे त्याला दिसलं, कुणाशी बोलायला चढले होते हे दिसलं नाही.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. चष्मा कपाळावर असतो हे त्यांना सांगू नकोस, करमणूक जाईल.

आशीर्वाद उरलेत, पण कागद संपला.

तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (आणि थोडी तक्रार वि. वि.)

तुझी वाक्यं मी कार्डांवर उतरवली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. तिसरं वाचताना त्यांना ठसका लागला. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे मुद्रितं तपासणारे काका वर्षात एकदा हसतात असं ऐकलं होतं, ते या वर्षीचं हसून झाले. आता सगळे विचारतात की पुढचं टपाल कधी.

पण आत्या, मला हे बरं वाटलं नाही. शब्दकोश ही भांडायची जागा नाही. तुझ्यावर अन्याय होत असेल तर मी तुझ्या बाजूनं बाबांशी बोलेन, अगदी समोर बसून बोलेन. पण शब्दाला साक्षीदार म्हणून उभा करून त्याच्याकडून आपल्याला हवं ते वदवून घेणं मला पटत नाही. मी एका बाजूचीच वाक्यं घेतली तर तो कोश कसला? म्हणून मी बाबांनाही पत्र टाकलं आहे आणि त्यांच्याकडेही वाक्यं मागितली आहेत.

बाई म्हणाल्या, शाब्बास, अवश्य माग. त्या इतक्या खूश का झाल्या ते मला कळलं नाही.

दुकानामागच्या खोलीचं ऐकून मात्र मला रात्रभर चुटपूट लागली. त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीत उघडते. खरंच ठरलं आहे का गं?

रागावलीस तरी उत्तर टाळू नकोस.

तुझी,
पंडित


२८ फेब्रुवारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. माझी मुलगी कोश लिहिते हे आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकानं विचारलं, कोश म्हणजे रेशमाचा का? त्याची पँट मी मुद्दाम उशिरा देणार आहे.

तू दोन्ही बाजू विचारतेस हे योग्यच. कापड दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय कात्री लावू नये. अक्कानं तुला काय लिहिलं असेल याचा मला अंदाज आहे. माझी वाक्यं अशी:

‘मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारी जमीन. घर वेगळं, मळा वेगळा.’

‘घराला कुलूप लावूनही मळा भाड्यानं देता येतो.’

‘माणसाचं वय झालं की मळा आपोआप सुटतो, तो सोडवावा लागू नये.’

तुला वाटेल बाबा कठोर झाले. बाळ, ती पडली तेव्हा दुपारपर्यंत टाकीखाली तशीच बसून होती. दूध न्यायला माणूस आला म्हणून कळलं. मला फोनवर नुसता धप्प आवाज ऐकू आला होता आणि मी समजलो की तिनं रागानं फोन ठेवला. तो आवाज मला अजून शिलाईत ऐकू येतो. मग मी काय करू? नर्सरीवाला भला माणूस आहे. त्याला सांगून ठेवलं आहे की मार्चअखेर मळा रिकामा करून देतो.

तू वेळेवर जेवत जा. उजेडात वाच.

तुझा,
बाबा

ता. क. मळ्याचे गुडघे फारच दुखताहेत असं दूधवाला सांगत होता. मी लेप पाठवला तर मळा तो म्हशीला लावेल, माझं ऐकायचं नाही अशी शपथच आहे त्याची. तू लिहिशील तेव्हा जरा दटावून लिही.


९ मार्च

चि. निःपक्षपाती पंडितास,
आशीर्वाद दोन्ही बाजूंनी मोजून सारखे.

तुझ्या बापाची वाक्यं तू मला उतरवून पाठवलीस. घर वेगळं, मळा वेगळा म्हणे! लहानपणी हा त्याच घराच्या ओट्यावर बसून अभ्यास करायचा आणि शाळेतल्या गुरुजींना सांगायचा की मी मळ्यात अभ्यास करतो. आता घर बाहेर काढलं त्यानं, जसं काही फाटलेलं अस्तर.

पण आज भांडत नाही, आज गंमत सांगते. नर्सरीवाला मळा बघायला आला होता. उंच, हडकुळा, डोक्यावर टोपी, बोलणं थेंबाथेंबानं. मी ठरवलं की बघायला आलाय तर सगळाच दाखवू. मी त्याला सांगितलं की मळ्याबरोबर विहीर येते, गोठा येतो, कडब्याची गंजी येते. टोपीवाल्यांवर खुन्नस धरून असलेली काळी शेळी येते. ती तोवर टोपीच्या मापाचा अंदाज घेतच होती. आणि सगळ्यात शेवटी, उजाडायच्या आधी उठून कोंबड्यांना शिव्या घालणारी एक बाई येते. त्यानं फार अदबीनं विचारलं की यातलं शेवटचं काढता येईल का. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत, पण अजून कुणाला जमलेलं नाही.

मग तो हसला आणि ओट्यावर बसला. शेळीनं टोपी घेतली. चहा पिता पिता तो म्हणाला की त्याला खरं तर रस्त्याकडची खालची पट्टीच पुरे आहे, रोपांना तेवढीच जागा लागते. वरचा मळा, घर, गोठा यांचं काय करायचं हा त्यालाच प्रश्न पडला आहे. पण शिंपीमास्तर, म्हणजे तुझा बाप, हट्टाला पेटलेत म्हणे, घ्यायचा तर सगळा आणि रिकामा. आता तूच सांग, याला काय म्हणायचं? जमीन भाड्यानं देण्यासाठी बहिणीला हलवतोय, की बहिणीला हलवण्यासाठी जमीन भाड्यानं देतोय?

एक गोष्ट तुला म्हणून लिहिते, तिचं कार्ड करू नकोस. गुडघे खरंच वाईट आहेत. धार काढायला मी आता पाटाऐवजी स्टुलावर बसते आणि म्हैस माझ्याकडे वळून वळून बघते. मास्तरची काळजी खोटी नाही, हे मला कळतं. पण त्या मागच्या खोलीत बसून मी दिवसभर काय ऐकू? मशिनचा आवाज. तिथं मला कुणी बांधावरून हाक मारणार नाही. तिथं मी मास्तरांची बहीण. इथं मी जी आहे ती तिथं कुठल्या खुंटीला टांगू?

पुरे झालं. कागद ओला झाला तर पोस्टमन दंड लावेल.

तुझी,
आत्या


१८ मार्च

ती. बाबा आणि ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

एकच मजकूर दोघांना पाठवते आहे, म्हणजे दुसऱ्याला वेगळं काय लिहिलं असेल या शंकेला जागा नको.

आज बाईंनी तुमची सगळी वाक्यं नापास केली. आत्याची आणि बाबांची, एकूण एक. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या की ज्या वाक्याला आपण उदाहरण होणार हे आधीच माहीत असतं, ते वाक्य केस विंचरून, पावडर लावून येतं. कोशात ते घेत नाहीत. माणूस दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असताना शब्द सहज तोंडून निघतो, तोच प्रयोग खरा. शिवाय एकमेकांशी नातं नसलेल्या दोन माणसांच्या तोंडी तो सापडला पाहिजे. हा नियम कार्यालयात पहिल्यापासून आहे.

मग त्यांनी मला तो पहिल्याच दिवशी का सांगितला नाही? मी विचारलं. बाईंनी चष्मा शोधल्याचं नाटक केलं आणि कबूल केलं की पुढे काय होतं ते त्यांना ऐकायचं होतं. मुद्रितवाले काका म्हणाले की त्यांनाही. मी इतकी रागावले की खाली जाऊन सायकलवाल्याच्या बाकावर बसून राहिले.

तिथे बसून मी तुमची पत्रं पुन्हा वाचली. या वेळी अवतरणचिन्हांतली वाक्यं सोडून बाकीचं वाचलं.

पहिले दोन अर्थ सहज सापडले. विहिरीच्या पाण्यावरची जमीन, हा एक. जमीन, घर, गोठा सगळं मिळून, हा दुसरा. दोघेही तुम्ही दोन्ही अर्थांनी बोलता, फक्त भांडताना एकेक विसरता. पण मला तिसराही सापडला. आत्याच्या पहिल्या पत्रात पोस्टमन बांधावरून मळा अशी हाक मारतो आणि आत्या ओ देते. जमीन ओ देत नाही, गोठाही देत नाही. आणि बाबा, तुमच्या पत्राच्या ता. क.मध्ये तुम्ही लिहिलं आहे: मळ्याचे गुडघे फारच दुखताहेत.

मी धावत वर गेले. बाईंनी दोन्ही पत्रं वाचली, आणि या वेळी हसल्या नाहीत. पोस्टमन आणि तुम्ही, नात्यातले नाहीत, एकमेकांना विचारून बोललेले नाहीत, केस विंचरलेले नाहीत. त्यांनी तिसरा अर्थ मान्य केला: मळ्यावर कायम राहणारी व्यक्ती.

बाबा, आता दोन गोष्टी तुमच्याकडे मागायच्या आहेत. एक, तुमचं वाक्य छापायला परवानगी. दुसरी जरा अवघड आहे. जो प्रयोग छपाईच्या वेळी चालू नसेल त्याच्यापुढे आम्ही कंसात ‘जुना’ असं लिहितो. छपाई एप्रिलमध्ये आहे. तुम्ही मार्चअखेर मळा रिकामा करून देणार आहात. त्यानंतर बांधावरून कुणी हाक मारणार नाही आणि ओ द्यायलाही कुणी नसेल. मी खोटं लिहू शकत नाही. मी बाजूही घेत नाही, ते माझं कामच नव्हे. तेव्हा आत्यापुढे ‘जुना’ लिहायचं की नाही, ते तुम्ही कळवा. कार्ड मी कोरं ठेवलं आहे.

तुमच्या दोघांची, सारख्याच मापाची,
पंडित


२५ मार्च

चि. बाळास,
आशीर्वाद.

तुझं पत्र गिऱ्हाइकांना वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबलो. मग मशिनवर बसलो. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

मी नर्सरीवाल्याला मळा रिकामा करून देतो म्हणत होतो. तोंडानं किती सोपं जात होतं ते. मळ्याला विचारा, मळ्यानं वांगी धाडली, मळा रुसलाय, असं तुझ्या आईला मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, आणि नर्सरीवाल्याशी बोलताना मला त्यातलं एकही आठवलं नाही. तू शिकलीस त्याचं सार्थक झालं म्हणावं की भोगणं आलं म्हणावं, मला समजत नाही. उगाच सायकलवाल्याच्या बाकावर बसत जाऊ नकोस, कपड्यांना वंगण लागतं.

वाक्य छापावं. ‘जुना’ लिहू नये.

नर्सरीवाल्याला खालची पट्टी दिली आहे. त्याची माणसं दिवसभर हाकेच्या अंतरावर असतील, म्हणजे निदान कुणी पडलं तर दुपारपर्यंत बसून राहायला नको. टाकीची शिडी मी स्वतः जाऊन काढून आणली. ती दुकानात आहे, वरच्या फळीवरचे कापडाचे तागे काढायला उपयोगी पडते. दुकान बंद असतं त्या दिवशी मीच मळ्यावर जात जाईन. अक्काला फोनवर बोलण्यापेक्षा समोर भांडायला जास्त आवडतं.

तुझा,
बाबा

ता. क. नर्सरीवाल्याची टोपी शिवायला आली आहे. शेळीनं खाल्ली म्हणे. त्यालाही कुठल्या अर्थात बसवता येतं का बघ.


२१ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पान छापून आलं. शाई ओली असतानाच तुझ्यासाठी उतरवून घेतलं:

‘मळा (पु.) १. विहिरीच्या पाण्यावर पिकवलेली जमीन. २. अशी जमीन, तीवरील घर, गोठा इत्यादी सर्व मिळून. ३. (घरगुती) मळ्यावर कायम राहणारी व्यक्ती. उदा. मळ्याचे गुडघे फारच दुखताहेत.’

बाईंनी सही केली आणि मला माझं स्वतःचं खोकं दिलं, बुटांचं, आकारानं मोठं. म्हणजे मी कायम. पुढचा शब्द आहे मशीन. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
पंडित


२९ एप्रिल

चि. मोठ्या बुटाच्या पंडितास,
आशीर्वाद देते, पण दात खाऊन.

अगं, एवढा मोठा कोश, आणि त्यात माझे गुडघे? माझी विहीर आहे, माझी वांगी आहेत, मी एकटीनं राखलेला मळा आहे, आणि जगाला कळवायचं काय, तर गुडघे! तुझं पोस्टकार्ड पोस्टमननं वाटेतच वाचलं होतं. आता तो बांधावरून नुसती हाक मारत नाही, मळा, गुडघे कसे आहेत, असं विचारतो. नर्सरीची माणसं विचारतात. दूधवाला विचारतो. कालपरवा एक परका माणूस रस्त्यावरून जाताना विचारून गेला.

तुझा बाप दर सुट्टीला येतो. लेप घेऊन येतो. मी तो खरंच लावते, कारण तो समोर बसून बघतो. मग आम्ही ओट्यावर भांडतो. परवा मी म्हटलं, शिडी परत आण, मला पंडिताला फोन करायचाय. तो म्हणाला, पत्र लिही. मी म्हटलं, पत्रात काही बोलायची सोय राहिली नाही, छापून येतं.

तरी लिहिलंच बघ. मशीनचं कार्ड करशील तेव्हा त्याच्याकडे वाक्यं मागू नकोस. नुसती त्याच्या दुकानात जाऊन बस आणि कान उघडे ठेव. तो परवा जाताना मला काय म्हणाला ते सांगते, केस न विंचरता म्हणाला. म्हणाला, अक्का, मशीन दोन दिवस गप्प आहे गं, पोरीचं पत्र नाही.

तेव्हा घरी पत्र टाक.

तुझी,
मळा (३)